ट्रकची हवागाळणी आणि डिझेलची बचत

हंगामाच्या दिवसांत खामगाव, मलकापूर, चिखली किंवा मेहकर यांपैकी कोणत्याही बाजार समितीच्या फाटकापाशी गेलात, तर सोयाबीन, कापूस, तूर, मका भरलेल्या ट्रकांची रांग दिसते. त्या रांगेतल्या ड्रायव्हर मंडळींत घटकाभर बसा. बोलणे हळूहळू एका विषयावर येतेच: तुझी गाडी ॲव्हरेज काय देते? लिटरमागे चार किलोमीटर, की साडेतीन? ऐकणाऱ्याला वाटेल, अर्ध्या किलोमीटरने असे काय बिघडते? पण आपण हिशेब करून पाहू.

समजा, एखादी गाडी वर्षाला ३०,००० किलोमीटर धावते. लिटरला चार किलोमीटर पडत असतील तर तिला ७,५०० लिटर डिझेल लागेल. साडेतीन पडत असतील तर सुमारे ८,५७० लिटर. फरक हजार लिटरांहून अधिक झाला. डिझेलचा भाव लिटरला ९० रुपये धरला, तर हे वर्षाचे ९६ हजार रुपये होतात. ज्याच्या दारात दहा गाड्या उभ्या आहेत त्याला हे कदाचित सोसेल. परंतु आपल्या जिल्ह्यात स्वतःची एकच गाडी, तीही कर्जाने घेतलेली, आणि स्वतःच स्टिअरिंगवर बसणारा असा मालक काही विरळा नाही. त्याच्या बाबतीत हा फरक म्हणजे हप्ता भरला जाणार की थकणार, एवढी मोठी गोष्ट असते.

ॲव्हरेज कमी होण्याची कारणे पुष्कळ आहेत. टायरात हवा कमी असणे, ब्रेक धरून राहणे, क्लच घसरणे, नोझल बिघडणे, वाजवीपेक्षा जास्त माल भरणे, ही सगळी त्यांत आली. आज आपण त्यांपैकी एकाच भागाचा विचार करू. तो भाग म्हणजे इंजिनाला जाणारी हवा गाळणारा एअर फिल्टर, म्हणजेच हवागाळणी. या भागाविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एकजण म्हणतो, “नवा फिल्टर टाका, दहा टक्के डिझेल वाचलेच म्हणून समजा.” दुसरा म्हणतो, “कशाला खर्च करता भाऊ? पंक्चरवाल्याकडून हवा मारून घ्या आणि बसवा पुन्हा.” पहिल्याच्या म्हणण्यात अतिशयोक्ती आहे आणि दुसऱ्याच्या सल्ल्यात धोका आहे. खरे काय ते समजण्यासाठी इंजिन हवेचे काय करते, इथून सुरुवात केली पाहिजे.

डिझेल एकटे जळत नाही. चुलीला जशी फुंकर, तशी इंजिनाला हवा. रसायनशास्त्राच्या हिशेबाने एक किलो डिझेल पुरते जळण्यास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. एक लिटर डिझेलचे वजन साधारण ८३० ग्रॅम. म्हणजे लिटरमागे बारा किलो हवा झाली. हवेचे वजन घनमीटरला सव्वा किलोच्या आतच असते, म्हणून बारा किलो हवा म्हणजे सुमारे दहा घनमीटर. शिवाय डिझेल इंजिन नेमकी लागेल तेवढीच हवा घेऊन भागत नाही. डिझेलच्या प्रत्येक थेंबाला हवा सापडावी म्हणून ते पुष्कळ जादा हवा आत घेते. ती दुप्पट धरली तर एका लिटरला वीस घनमीटर हवा होते. शाळेतला एक वर्ग डोळ्यांपुढे आणा: २० फूट लांब, १८ फूट रुंद आणि १० फूट उंच. त्या वर्गात जेवढी हवा मावते, तेवढी आपला ट्रक पाच लिटर डिझेल जाळताना पिऊन टाकतो. दिवसाला २५ लिटर डिझेल जाळणारी गाडी असे पाच वर्ग रिकामे करते.

आता ही हवा कसली असते, ते पाहा. आपला बुलढाणा जिल्हा काळ्या पाषाणावर वसलेला आहे. त्या पाषाणाच्या झिजेतून आपली काळी जमीन तयार झाली. पावसाळ्यात ती चिकट होते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरून चाके गेली की पिठासारखा फुफाटा उठतो. गिट्टीच्या खदानीवरून किंवा मुरुमाच्या रस्त्यावरून गाडी गेली तर पाषाणाचाच भुगा हवेत उडतो. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत त्यात कुटाराची भर पडते आणि जिनिंगच्या आवारात कापसाचे तंतू तरंगत असतात. तंतू आणि कुटार फिल्टर तुंबवतात, पण इंजिन फारसे कापत नाहीत. खरा शत्रू आहे तो पाषाणाचा बारीक कण. काळ्या पाषाणातली खनिजे आणि वाळूतली गारगोटी ही दोन्ही सिलिंडरच्या ओतीव लोखंडापेक्षा कठीण आहेत. पिस्टनच्या रिंगा आणि लायनर यांच्यामध्ये तेलाचा अत्यंत पातळ थर असतो. त्या थराच्या जाडीचे कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याएवढे कण, तिथे शिरले की सहाणेवर चंदन उगाळावे तसे लोखंड उगाळले जाते.

फिल्टरचे पहिले काम हे कण अडवण्याचे आहे, डिझेल वाचवण्याचे नाही. मात्र कण अडवता अडवता तो स्वतः भरत जातो आणि मग हवेलाही अडवू लागतो. संरक्षण आणि श्वास यांची ही ओढाताण जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिशांच्या स्पिटफायर विमानांना वाळूचा त्रास होऊ लागला, तेव्हा विमानांच्या नाकाखाली व्होक्स कंपनीची मोठी गाळणी बसवण्यात आली. इंजिन वाचले, परंतु विमानाचा वेग घटला. पुढे इजिप्तमध्ये अबुकीर येथील विमानदुरुस्ती केंद्राने आटोपशीर आकाराची दुसरी गाळणी तयार केली. ती अबुकीर फिल्टर या नावाने ओळखली जाते. गाळणीच काढून टाका, असे मात्र कोणाला सुचले नाही. वाळवंटातल्या वैमानिकाला जे कळले ते आपल्या काही मंडळींना अजून पटवावे लागते, कारण गाडी ओढत नाही म्हणून आतला फिल्टर काढून ठेवणारे आणि तसेच महिनोन्महिने गाडी चालवणारे आजही भेटतात.

फिल्टर तुंबला म्हणजे डिझेल का जास्त लागते, हे आता पाहू. यात दोन गोष्टी होतात. पहिली म्हणजे इंजिनाला हवा ओढण्यास अधिक जोर लावावा लागतो. हा जोर पाण्याच्या उंचीत मोजतात. बऱ्याच अवजड डिझेल इंजिनांत फिल्टर बदलण्याची मर्यादा सुमारे २० ते २५ इंच पाण्याएवढी धरलेली असते. म्हणजे दोन फूट उंचीच्या नळीतून पाणी वर ओढण्यास जेवढा जोर लागेल, तेवढा जोर इंजिनाला प्रत्येक श्वासाला लावावा लागतो. ऐकायला हे फार वाटते. पण भरल्या गाडीचे इंजिन एकंदर जेवढे काम करते, त्याच्याशी ताडून पाहिले तर हा कष्ट शेकडा एकाच्या आसपास भरतो. केवळ एवढ्यामुळे ॲव्हरेज कोसळत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जुन्या पद्धतीच्या पंपाच्या गाडीत ड्रायव्हरने जेवढा पाय दाबला तेवढे डिझेल आत जाते. हवा पुरेशी आहे की नाही, हे पंप विचारत नाही. हवा कमी पडली की डिझेल अर्धवट जळते आणि नळकांड्यातून काळा धूर येतो. मोताळ्याकडून राजूर घाट चढताना किंवा बोथ्याच्या घाटात असा धूर सोडत रांगणारा ट्रक आपण सर्वांनी पाहिला आहे. गाडी ओढत नाही म्हणून ड्रायव्हर आणखी पाय दाबतो, खालचा गिअर घालतो, तो बराच वेळ तसाच ठेवतो, आणि डिझेल जाते ते इथे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानकाच्या गाड्या आल्या. त्यांत विजेवर चालणारे नियंत्रण हवेचे माप घेऊन डिझेल आवरते. त्यामुळे धूर दिसत नाही, पण गाडीचा जोर कमी होतो. म्हणजे तुंबलेल्या फिल्टरची किंमत जुनी गाडी धुरातून सांगते, तर नवी गाडी ओढ कमी करून सांगते.

मग नव्या फिल्टरने नेमके किती डिझेल वाचेल? श्रोतेहो, याचे एकच ठरीव उत्तर सगळ्या गाड्यांना लागू पडत नाही. अमेरिकेतील ओक रिज येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली पेट्रोलच्या मोटारींवर याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. इंधन फवारणाऱ्या आधुनिक मोटारींत फिल्टर तुंबवूनही ॲव्हरेजमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही; फरक पडला तो वेग घेण्याच्या शक्तीत. याचे कारण असे की पेट्रोलच्या मोटारीत हवा अडवणारी झडप मुळातच असते आणि यंत्रणा हवेच्या मानाने पेट्रोल कमी-जास्त करते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत मात्र शेकडा काही टक्क्यांचा फरक पडू शकतो. भरलेला माल घेऊन घाट चढणाऱ्या डिझेल ट्रकाची गोष्ट या दोहोंहून वेगळी आहे. फिल्टर किती तुंबला आहे, गाडी जुनी की नवी, रस्ता सपाट की चढाचा, यांवर तिचे उत्तर अवलंबून राहील. म्हणून दहा टक्क्यांचे आश्वासन देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. शेकडा दोन जरी वाचले, तरी आपल्या उदाहरणातल्या गाडीचे वर्षाला १५० लिटर, म्हणजे साडेतेरा हजार रुपये वाचतील. त्यातून फिल्टरची किंमत वजा करा आणि काय उरते ते पाहा.

परंतु या साडेतेरा हजारांपेक्षा मोठा आकडा दुसरीकडे आहे. आपल्या गाडीने दिवसाला २५ लिटर डिझेल जाळले, म्हणजे तिने ५०० घनमीटर हवा घेतली. कच्च्या रस्त्यावर घनमीटरला पाच शतांश ग्रॅम धूळ आहे, असे गणितापुरते धरू. म्हणजे दिवसाला २५ ग्रॅम आणि महिन्याच्या २५ खेपांत सव्वासहाशे ग्रॅम धूळ फिल्टरच्या दारात आली. आता फिल्टरचे रबर नीट बसलेले नाही किंवा कागदाला भोक पडले आहे, आणि शंभरातला एकच हिस्सा आत निसटतो आहे, असे समजा. महिन्याला सहा ग्रॅमांहून अधिक पाषाणाची पूड इंजिनात गेली. वर्षाला ती ७५ ग्रॅम होते. एवढी मूठभर पूड लायनर आणि रिंगा खाऊन टाकण्यास पुष्कळ झाली. मग इंजिन मोबिल खाऊ लागते, सकाळी लवकर उठत नाही, दाब कमी पडतो आणि ॲव्हरेज कायमचे खाली येते. तिथे कितीही चांगला नवा फिल्टर टाकला तरी गेलेले लोखंड परत येत नाही. इंजिन उतरवून बांधावे लागते, गाडी ऐन हंगामात गॅरेजमध्ये उभी राहते आणि हप्ता मात्र थांबत नाही.

म्हणूनच फिल्टर उशिरा बदलणे जसे वाईट, तसे तो उगीच वारंवार उघडणेही वाईट आहे. याचे एक कारण पुष्कळांना नवे वाटेल. अगदी कोऱ्या कागदी फिल्टरपेक्षा थोडी धूळ बसलेला फिल्टर अधिक बारीक गाळतो. कागदावर बसलेला धुळीचा पातळ थर स्वतःच गाळणीचे काम करू लागतो. घरात तांदळाची पेज फडक्यातून गाळताना फडके थोडे भरले की खाली येणारे पाणी अधिक स्वच्छ दिसते, तसेच हे. तेव्हा फिल्टर काळा दिसतो म्हणून तो संपला, असे समजू नये. शिवाय प्रत्येक वेळी डबा उघडताना थोडी धूळ आतल्या स्वच्छ बाजूला पडण्याचा संभव असतोच.

मग बदलायचा कधी? नुसते किलोमीटर मोजून हे ठरत नाही. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून मेहकर, सिंदखेड राजा या बाजूने जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. त्या महामार्गावरूनच ये-जा करणारी एक गाडी आणि खदानीतून गिट्टी वाहणारी दुसरी गाडी, दोन्ही दहा हजार किलोमीटर धावल्या, तरी त्यांच्या फिल्टरांची अवस्था सारखी असणार नाही. यासाठी फिल्टरच्या डब्यावर किंवा त्यापुढच्या नळीवर एक छोटा दर्शक असतो. इंजिनाचा ओढा मर्यादेपलीकडे गेला की त्याच्या काचेत लाल पट्टी वर येऊन अडकते. नव्या गाड्यांत ड्रायव्हरसमोर दिवा लागतो. लाल पट्टी आली की फिल्टर बदलावा. ती नाही आली तर डबा बंद ठेवावा. मात्र कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली अखेरची मुदत ओलांडू नये. दर्शक मोडला असेल तर तो आधी बसवून घ्यावा. त्यात इंधन नाही, वीज नाही, फक्त एक स्प्रिंग आणि एक पडदा आहे. तरीही ड्रायव्हरच्या डोळ्यांपेक्षा तो अधिक खरे सांगतो.

बदलण्याचे काम अवघड नाही, पण ते शिस्तीने झाले पाहिजे. इंजिन बंद करावे. गाडी धुळीच्या वाऱ्यात उभी असेल तर आडोशाला घ्यावी. डब्याचे बाहेरचे अंग आधी पुसून घ्यावे, मग झाकण उघडावे. जुना फिल्टर हिसडा न देता हलकेच बाहेर काढावा. डब्याची आतली बाजू ओलसर स्वच्छ कापडाने पुसावी. तिथे हवेचा पाइप मारू नये, कारण त्याने धूळ इंजिनाच्या वाटेला लागते. पुष्कळ ट्रकांत एकात एक असे दोन फिल्टर असतात. बाहेरचा मोठा काम करतो आणि आतला लहान हा राखणदार असतो. आतला कधीही झटकू किंवा धुऊ नये. बाहेरचा दोन-तीनदा बदलला की, किंवा पुस्तिकेत सांगितले असेल तेव्हा, आतला नवाच टाकावा. नवा फिल्टर बसवताना त्याचे रबर चहूबाजूंनी सारखे टेकले की नाही, हे बोटाने चाचपून पाहावे. डब्याच्या तळाशी धूळ सोडणारी रबरी झडप असते, ती दाबून मोकळी करावी. फिल्टरपासून इंजिनापर्यंतच्या रबरी पाइपाला चीर नाही ना, क्लिपा घट्ट आहेत ना, हेही तपासावे. त्या पाइपाच्या आत बोट फिरवल्यावर धूळ लागली, तर नवा फिल्टर टाकूनही उपयोग नाही. गळती आधी शोधली पाहिजे. शेवटी दर्शकाची कळ दाबून लाल पट्टी खाली न्यावी आणि डब्यावर तारीख व किलोमीटर रंगाने लिहून ठेवावेत.

आता हवा मारण्याविषयी. बाहेरचा कागदी फिल्टर मोजक्या वेळा हवेने साफ करण्यास काही कंपन्या परवानगी देतात, पण त्याला अटी आहेत. हवेचा दाब ३० पौंडांच्या आत असावा, नळी कागदापासून दूर धरावी आणि हवा आतून बाहेरच्या दिशेने मारावी. ट्रकच्या टायरात शंभर पौंडांहून अधिक हवा भरतात. पंक्चरवाल्याचा तोच पाइप कागदाला टेकवला, तर डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात. फिल्टर स्वच्छ दिसतो, गाडी हलकी चालते, ड्रायव्हर खूश होतो, आणि धूळ सरळ इंजिनात जाऊ लागते. टायरवर आपटून झटकल्याने कडेची पत्र्याची कड वाकते आणि रबर नीट टेकत नाही. घासलेट, पेट्रोल किंवा साबणाच्या पाण्याने धुतल्यास कागदाचा कस जातो. फिल्टर साफ केल्यावर अंधाऱ्या जागी त्याच्या आत बॅटरी धरून पाहावे. कुठेही प्रकाशाचा ठिपका दिसला तर तो फिल्टर टाकून द्यावा. स्वस्तातला बनावट फिल्टरही असाच फसवतो. त्याचा कागद पातळ असतो, घड्या कमी असतात आणि रबर सैल असते. चांगल्या फिल्टरचा घडीचा कागद पसरला, तर एखाद्या लहान खोलीची जमीन झाकेल. म्हणूनच तो हवा न कोंडता धूळ धरू शकतो.

ट्रॅक्टरवाल्या शेतकरीबांधवांसाठी चार शब्द. अनेक ट्रॅक्टरांवर आजही तेलाची वाटी असलेली गाळणी असते. टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशी सहकार्य करून मालमोटारी बनवण्यास सुरुवात केली, त्या जमान्यात अवजड गाड्यांवर अशाच गाळण्या सर्रास असत. हवा तेलावरून झटकन वळते, जड कण तेलात पडतात आणि उरलेले वरच्या तारेच्या जाळीत अडकतात. ही गाळणी पुन्हा पुन्हा वापरता येते, पण तिला रोजची नजर हवी. नांगरटीच्या आणि मळणीच्या दिवसांत वाटीच्या तळाशी गाळ किती साचला, ते रोज सकाळी पाहावे. तेल खुणेएवढेच भरावे. जास्त भरले तर इंजिन ते ओढून घेते, कमी भरले तर धूळ सुटते. इंजिनातून काढलेले जळके तेल त्यात घालू नये.

शिक्षकबंधूभगिनींनो, या विषयात विज्ञानाचा एक चांगला पाठ दडलेला आहे. तीन फूट लांबीची पारदर्शक, स्वच्छ प्लॅस्टिकची नळी घ्या. तिचे एक टोक पिण्याच्या पाण्याच्या भांड्यात बुडवा आणि नळी सरळ उभी धरून पाण्यापासून २५ इंचांवर खूण करा. मुलांना त्या खुणेपर्यंत पाणी तोंडाने ओढायला सांगा. प्रत्येकाला वेगळी नळी द्या. तुंबलेल्या फिल्टरमधून इंजिन कसे श्वास घेते, ते त्यांना एका क्षणात कळेल. मग सांगा की मिनिटाला दीड हजार फेरे घेणाऱ्या ट्रकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर मिनिटाला साडेसातशे वेळा असा श्वास घेतो. दुसरा प्रयोग तुम्ही स्वतः करून दाखवा. काचेच्या दोन जुन्या तुकड्यांच्या कडांना चिकटपट्टी लावा, मध्ये रस्त्यावरची चिमूटभर धूळ ठेवा आणि काचा एकमेकींवर घासा. काचेवर उमटलेले ओरखडे मुलांना दाखवा. लायनरवर काय होत असेल, ते वेगळे सांगावे लागणार नाही.

गणिताचा पाठ ड्रायव्हरभाऊंच्याही कामाचा आहे. फिल्टर बदलण्यापूर्वी टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहा, आणि त्याच रस्त्यावर, जवळपास तेवढाच माल घेऊन तीन खेपा करा. पुन्हा काठोकाठ भरा आणि किती लिटर लागले ते लिहा. फिल्टर बदलल्यावर तशाच तीन खेपा करा. मधल्या काळात टायरांची हवा आणि बाकी दुरुस्त्या बदलू नका, नाहीतर कशामुळे फरक पडला ते समजणार नाही. एका खेपेवरून निष्कर्ष काढू नये. एखादा दिवस वाऱ्याचा असतो, एखादा फाटक बंद असल्याचा. तीन खेपांची सरासरी जे सांगेल ते तुमच्या गाडीचे खरे उत्तर, आणि ते कोणत्याही दुकानदाराच्या आश्वासनापेक्षा भरवशाचे. फरक काहीच दिसला नाही, तर फिल्टर निर्दोष होता आणि रोग दुसरीकडे आहे, एवढे तरी कळले.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. आपल्या अनेक गावांतल्या शाळा रस्त्याच्या कडेला आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेल इंजिनाचा धूर हा माणसाला कर्करोग जडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला. घाटात ओकलेला काळा धूर गाडीमालकाच्या खिशातून जातो आणि कोणाच्या तरी लेकराच्या छातीत उतरतो. गाडी काळा धूर सोडू लागली तर तिची तपासणी फिल्टरपासून सुरू करावी, कारण ती सर्वांत सोपी आणि सर्वांत स्वस्त तपासणी आहे. फिल्टर ठीक निघाला तर मग नोझल आणि पंपाकडे वळावे.

तात्पर्य, फिल्टर हा डिझेल वाचवण्याचा चमत्कारिक तोडगा नव्हे. तो वेळेवर बदलला तर थोडे डिझेल आज वाचते, आणि इंजिन धडधाकट राहिल्यामुळे पुष्कळ डिझेल पुढच्या वर्षांत वाचते. यंदा फेब्रुवारी उजाडला, रस्त्यावर फुफाटा उठू लागला की प्रत्येक गाडीवाल्याने दर्शकाच्या त्या छोट्या काचेकडे आठवड्यातून एकदा पाहण्याची सवय लावून घ्यावी. लाल पट्टी दिसली तर नवा फिल्टर, आणि नाही दिसली तर डबा बंद. एवढे पथ्य पाळण्यास ना मोठे यंत्र लागते, ना मोठे शिक्षण.